तरारलेलं रोप

लातूरच्या आमच्या कृषी महाविद्यालयातले हे सर कुणाच्या हाताला हात लावत नाहीत. दिवसभर विषाणू टोचलेल्या टोमॅटोंत वावरतात ना! परवा सगळी रोपं आकसली होती, एकच तरारलं होतं. गच्चीवर लावायला म्हणून मी त्याचा फुटवा खुडला, तोच त्यांनी माझं मनगट धरलं.

"भाऊ, ह्याच्यात विषाणूच्या तुटक्या नकला हायत. त्यांना आपल्याआप वाढता येत न्हाई. खऱ्या विषाणूचा घास पळवून वाढतात, म्हणून तो दबलाय."

"मग रोप वाचलं की, सर!"

"खरा विषाणू मेला तर ह्या नकला बी मरतात. म्हंजे तो आतच जिवंत हाय, हाताला लागून दुसऱ्या झाडांत जाईल."

मग ते स्वतः माझी बोटं साबणानं धूत राहिले. मागं ते रोप मजेत फुललं होतं.