स्लॅबवरच्या बरण्या

आमच्या गावात कोणाकडे पाहुणे येणार असले की पाण्याचा पितळी गुंड आमच्या घरून जातो. काऊन? तर माझी माय, भागीरथा, भांडं असं घासते की त्यात तोंड पाहून कुंकू लावावं. एक वेळ जेवण नसलं तरी तिला चालेल, पण मांडणीवर डागाचं भांडं चालायचं नाही. लहानपणी मी तापानं फणफणत होते, तेव्हा एका हातानं माझ्या कपाळावर पट्टी अन् दुसऱ्या हातानं पातेलं पुसणं सुरू! अशी बाई. आणि हिच्या पोटी मी, आचल, खाटेखाली चहाचा कप विसरणारी.

मी चंद्रपूरला एम.ए. करते. विषय पर्यावरणाचं अर्थशास्त्र. सांगितलं की लोक विचारतात, "म्हंजे झाडं लावता का?" नाही हो बाप्पा! कारखाना वीज विकून नफा कमावतो, पण त्याच्या धुरानं-राखेनं दुसऱ्याचं जे वाटोळं होतं ते त्याच्या हिशेबात कुठंच नसतं. ते नुकसान मोजायचं, आणि ते कारखान्याकडून कसं भरून घ्यायचं त्याचे नियम सुचवायचे. प्रबंधासाठी मी माझंच गाव घेतलं, कारण कोळशावर चालणारा विजेचा कारखाना आमच्या उशाशीच आहे. आमच्या स्लॅबवर रुंद तोंडाच्या बरण्या उघड्या ठेवायच्या आणि महिन्यानं आत पडलेली धूळ तोलायची. ताडून पाहायला तशाच बरण्या आलापल्लीच्या जंगलात, तिथल्या ओळखीच्या सोनीबाईंच्या घरावर. धूळ दाखवता आली तरच पुढचं नुकसान दाखवता येणार. नाहीतर प्रबंध बाद, अन् वर्षही गेलं.

महिना भरला तेव्हा मी आलापल्लीला होते, म्हणून आमच्या बरण्या मायनंच झाकणं लावून बसनं कॉलेजात पाठवल्या.

आज सकाळी नूतन मॅडमनी, म्हणजे माझ्या गाईडनी, आकड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला. "आचल, तुझ्या गावाची हवा आलापल्लीच्या जंगलापेक्षा स्वच्छ आहे. राहायला येऊ का मी तिकडे?"

मी कागद ओढून आकडे पुन्हा वाचले. सोनीबाईंच्या बरण्यांत माती होती, मेलेल्या मुंग्या होत्या. आमच्यात काहीच नाही. काही म्हणजे काहीच! जिथं दोरीवरचा पांढरा सदरा संध्याकाळपर्यंत मळकट होतो, त्या गावात!

"पुन्हा मोज, नाहीतर विषय सोड," मॅडम म्हणाल्या.

मिळेल त्या बसनं घर गाठलं. माय अंगणात भांडी घासत बसली होती.

"माय, बरण्यांले कोणी हात लावला?" मी फाटकातूनच ओरडले.

"दुसरं कोन लावन? मीच घासत होती ना रोज."

"रोज?"

"मंग! लेकीच्या कॉलेजाचं भांडं हाय. बाया स्लॅबवर पापड वाळवाले येतात. भागीरथाच्या घरी घाण भांडं, असं म्हनतीन ना!"

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. "अव माय, ते घाणच पाहिजे होती मले! माझं वर्ष बुडवलं तू!"

तिचा हात थांबला. तोंड एवढंसं झालं. "मले काय ठाऊक, बाई? घाण मोजाले कोनी कॉलेजात जाते का?"

हसावं की रडावं तेच मला कळेना. रागाच्या भरात मी तिच्या हातातला काथ्या पाहत होते. तो तिनं शेजारच्या डब्यात बुडवला आणि करड्या राखेत घोळवून कढईला लावला. मग माझ्या लक्षात आलं. आमची चूल तर केव्हाच मोडली. घरात गॅस आहे.

"माय, हे राख कुठची?"

"हे होय?" तिचा चेहरा पुन्हा फुलला. "स्लॅबवरची. सकायी झाडलं का निघते. तुह्या बरण्यातली बी याच्यातच टाकली. चुलीच्या राखेत खडे राहाचे, ओरखडे पडाचे. हे पाह्य कशी मऊ, पिठावानी. फुकटची हाय. अख्खी गल्ली नेते."

डबा काठोकाठ भरलेला होता. माझा सगळा पुरावा तिनं जपून ठेवला होता, आणि मला आनंद व्हायला हवा होता. पण कोळशाच्या राखेत काय काय असतं ते मी दोन वर्षं वाचत आले आहे. शिसं, पारा, आर्सेनिक. परीक्षेत लिहून चांगले मार्कही घेतलेत. मी मांडणीवरच्या चकचकीत ताटांकडे पाहिलं. अरे देवा! आम्ही यातच जेवत होतो?

"अशी काऊन पाहून राह्यली?" मायनं विचारलं. "तुले बी देल्ली होती ना दिवाळीले? सरली असन तं आनखी ने. तिथी कुठी भेटते अशी?"

ती राखेची पिशवी हॉस्टेलात माझ्या पलंगाखाली आहे. काल माझा डबा मी त्याच राखेनं घासला होता, आणि सकाळी त्यातच पोहे खाऊन मॅडमकडे गेले होते.