चूलबंद आवतन

माझी बायको गेली तेव्हा आमच्यावर कुणाचा एक रुपया नव्हता. अमरावतीच्या दवाखान्यात चार महिने काढले. त्यात तिचं सोनं गेलं, बँकेतली शिल्लक गेली, जिच्यावर ती गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची ती मशीन गेली, पण उसने पैसे तिने आणू दिले नाहीत. खाटेवर पडल्या पडल्या ती बिलं वाचायची आणि म्हणायची, "अजून आपलं आहे तोवर आपलंच काढा. संपलं की मी सांगेन." ते संपायच्या आधी तीच गेली.

आणि तेराव्या दिवशी मी कर्जबाजारी झालो.

आमच्या भागात जेवणाच्या आवतनाचे दोन प्रकार आहेत. एक घरटी एका माणसाचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटवायची नाही. लेकरंबाळं, म्हातारी माणसं, आलेले पाहुणे, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं. तेरवीसाठी दादानं, म्हणजे गावी शेती करणाऱ्या माझ्या थोरल्या भावानं, अख्ख्या गावाला चूलबंद दिलं. मला विचारलं नाही, कारण दुःखात असलेल्या माणसाला विचारायचं नसतं. मात्र पतसंस्थेच्या कागदांवर सही माझीच लागत होती, कारण पगारपत्रक माझं होतं. मी मुंडन केलेलं डोकं भिंतीला टेकून बसलो होतो. दादानं बोटानं जागा दाखवली, तिथे मी सही केली. दोन वर्षांचं कर्ज. किती रुपयांचं, हे मी तेरवी झाल्यावर वाचलं.

जेवण चांगलं झालं म्हणतात. मी जेवलो की नाही, आठवत नाही.

मी नेरजवळच्या एका गावातल्या खासगी शाळेत मराठी शिकवतो. शाळा अंशतः अनुदानित आहे. म्हणजे काम पूर्ण आणि पगार अंशतः. नेरला भाड्याच्या दोन खोल्यांत मी, ती आणि माझी आई राहायचो. आता आई आणि मी. घरात किती तेल लागतं, गॅस किती दिवस पुरतो, हे मला माहीत नव्हतं. तो सगळा कारभार तिचा होता आणि तो तिच्या डोक्यात होता. डोक्यातला कारभार मागे राहत नाही.

पहिल्या महिन्यात मी मास्तरासारखं अंदाजपत्रक केलं. सुबक रकाने आखले, हप्ता लिहिला, भाडं, किराणा, दूध लिहिलं आणि 'इतर' या रकान्यात शून्य टाकलं. महिना अर्धा व्हायच्या आत पगार संपला. शाळेतल्या शिपायाच्या मुलीचं लग्न निघालं, आहेर करावा लागला. आईचा चष्मा फुटला. आणि फोन दाखवला की पैसे जातात, जाताना दिसतही नाहीत. तो हप्ता मी उशिरा भरला आणि त्यावर दंडव्याज दिलं. दंडव्याज हा शब्द मी वर्गात समासाच्या उदाहरणाला कधी घेतला नव्हता. पुढे घेतला.

दुसऱ्या महिन्यापासून मी फोनवरून पैसे देणं बंद केलं. पगार जमा झाला की आधी पतसंस्थेत जायचं, हप्ता भरायचा आणि उरलेली रक्कम रोख काढून घरी यायचं. घरी कपाट एकच, तेही पुस्तकांचं. म्हणून पैसे पुस्तकांत ठेवले. शब्दकोशात किराणा. व्याकरणात दूध. लाल कापडी बांधणीच्या इतिहासात गॅस आणि वीज. एका लहानशा कवितासंग्रहात 'लोक'. लोक म्हणजे लग्नं, बारशी, कुणाला बघायला दवाखान्यात नेलेला नारळ आणि केळी. हा खर्च मी पहिल्यांदा शून्य धरला होता. माणूस कर्ज फेडत असला म्हणून त्याच्या ओळखीत लग्नं व्हायची थांबत नाहीत. ज्या पुस्तकातले पैसे संपले ते पुस्तक त्या महिन्यापुरतं बंद.

आईला वाचता येत नाही. तिनं रंगावरून सगळं पाठ केलं. स्वयंपाकघरातून ओरडायची, "बापू, जाड्या पुस्तकात किती राह्यले? तेल आणाचं हाय."

"साठ रुपये."

"मंग आज भाजी फोडणीची नाही, पाण्यातली."

मोटरसायकल विकली आणि ते पैसे थेट कर्जात भरले. बसचा पास काढला. शाळेत चहाच्या वर्गणीतून नाव कमी केलं. शिक्षकांच्या खोलीतले एक सर रोज माझ्यासमोर कप धरून विचारायचे, "घेता का सर? की बँकेची परवानगी लागते?" सगळे हसायचे. मी पुस्तक वाचत बसायचो. ते सर मनानं वाईट नव्हते. एकदा त्यांनी मला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात कोट घातलेले एक गृहस्थ सांगत होते, रोज सकाळी आरशात बघून म्हणा, मी श्रीमंत आहे. मी आरशात बघितलं. डोक्यावर नुकते केस फुटत होते, अर्धे पांढरे.

मला लोक विचारतात, एवढी चिकाटी आणली कुठून. उमेद वगैरे काही नव्हती. राग होता. जिनं मरताना कुणाचं देणं ठेवलं नाही, तिच्या नावाने झालेलं देणं मी दर महिन्याला एका खिडकीत भरत होतो. पावतीवर 'कारण' या शब्दापुढे 'घरगुती' असं छापलेलं यायचं. घरगुती. तो शब्द वाचला की पुढचा महिना निघायचा.

तरी घसरलोच. पावसाळ्यात उत्तरपत्रिका घेऊन अमरावतीला गेलो होतो. तिथे जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरलो आणि शब्दकोशातले पैसे देऊन तीन पुस्तकं घेऊन आलो. त्या आठवड्यात आईनं रोज भाकरी आणि तिखट केलं. शनिवारी ताट पुढे सरकवून फक्त म्हणाली, "ते नवे पुस्तकं शिजत असतीन तं दे, टाकतो भांड्यात." मी सोमवारी वाचनालयाचा सभासद झालो.

अशा तऱ्हेनं वर्ष होत आलं. मोटरसायकलीचे पैसे आणि पेपर तपासणीचं मानधन कर्जात गेल्यामुळे दोन वर्षांचं कर्ज बरंच आधी आटोक्यात आलं. दोन हप्ते उरले होते. तेव्हा एका सकाळी दादा आला. हातात कागदांची पिशवी होती.

पाणी प्यायला, आईची चौकशी केली आणि म्हणाला, "वर्षश्राद्धाचं ठरवलं म्या. पतसंस्थेतल्या साहेबासंग बोललो. मोठं कर्ज देतो म्हणे. तुहं जुनं त्यातच वळतं होते."

"वळतं कायले कराचं? दोन हप्ते राह्यले. फिटून राह्यलं ते."

"अबे, फिटून राह्यलं म्हणूनच तं देऊन राह्यला तो."

"मले नाही पाह्यजे, दादा."

"तुले कोण विचारून राह्यलं? आवतन देऊन झालं. चूलबंद. गावाले सांगतलं म्या."

आई दारात गहू निवडत होती. तिचे हात थांबले. लहानपणापासून माझं असंच होतं. दादा बोलतो आणि मी गप्प बसतो, मग माझं गप्प बसणं हाच होकार धरला जातो. या वेळी मी म्हणालो, "सही करत नाही."

दादा हसला. "जेवाले गाव येईन. मंग काय पुस्तकं वाढशीन?"

कागद तिथेच ठेवून तो गेला. त्याला माझा स्वभाव माहीत होता. मी भांडणार नाही, चार दिवस कुढेन आणि सही करेन, असं त्याला वाटलं. मलाही रात्रभर तसंच वाटत होतं. आवतन एकदा दिलं की दिलं. ते परत घेतल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. मग सकाळी दाढी करताना मनात आलं की ऐकलं नाही, पण घेता येत नाही असं तरी कुठे लिहिलंय.

रविवारी पहिल्या बसनं गावी गेलो. दादाच्या घरी गेलो नाही. गावाच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली आणि एकेका दारात उभा राहून सांगत गेलो, "वर्षश्राद्धाला आमच्याकडे जेवण नाही. त्या दिवशी घरी चूल पेटवा."

पहिलं घर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचं होतं. नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी मला दोनदा बोलायला लावलं. मग म्हणाले, "मास्तर, आवतन देणारे लय पाह्यले. वापस घेणारा पयलाच."

"पहिलाच आहे, काका."

"कायले पण?"

"कर्ज काढून जेवू घालायचं नाही म्हणून."

ते म्हणाले, "कर्ज तं सारेच काढतात." आणि आत निघून गेले. चहाला विचारलं नाही. आमच्या गावात याचा अर्थ स्पष्ट असतो.

प्रत्येक दारात पहिलं वाक्य जड जात होतं. दहाएक घरांनंतर ते जरा सोपं झालं, पण सोपं झालं म्हणून मान वर झाली असं नाही. पारावर पोरं बसली होती, माझेच जुने विद्यार्थी. त्यातला एक मला ऐकू येईल इतक्या आवाजात दुसऱ्याला म्हणाला, "बायको गेली अन् सर पैसे वाचवून राह्यले."

मी थांबलो. जवळ गेलो. म्हणालो, "हो. वाचवून राह्यलो. तुमच्याही घरी सांगा, त्या दिवशी चूल पेटवा." तो उठून उभा राहिला, वर्गात राहायचा तसा.

खालच्या गल्लीत एक बाई ओट्यावर सुपात तूर पाखडत होती. नात्यानं माझी वहिनी लागते. ऐकून म्हणाली, "मी तसंही येत नव्हती, भाऊजी. मांडवातलं वांगं मले पचत नाही." दोन वेळा सूप झटकलं. मग आत कुणी ऐकत नाही हे पाहून आवाज खाली आणला. "आमच्या सासऱ्याच्या तेरवीचं अजून फेडून राह्यलो. चार वर्षं झाले. सांगू नका कोणाले."

मी कुणाला सांगितलं नाही. इथे लिहिताना तिची गल्ली बदलली आहे.

शेवटचं घर दादाचं. बातमी माझ्या आधी पोचली होती. तो अंगणात उभा होता, सोयाबीनच्या पोत्यांना टेकून. "गावात तोंड दाखवाले जागा ठेवली नाही तू," तो म्हणाला. "मायबापानं कमावलेलं नाव एका दिवसात धुतलं."

"दादा, तोंड तुहं हाय. हप्ता माहा हाय."

"तिच्या आत्म्याले काय वाटत असन?"

हे ऐकून मात्र माझा आवाज चढला. आयुष्यात त्याच्यावर पहिल्यांदा. "तिले काय वाटत होतं ते मले माहीत हाय. चार महिने तिच्या खाटेपाशी मी बसलो होतो. तिनं सोनं मोडलं, पण कोणाचं देणं ठेवलं नाही. तू तेरा दिवसांत ठेवलं."

मी पिशवीतून त्याचे कागद काढून पोत्यावर ठेवले आणि बसच्या थांब्यावर आलो. बसमध्ये जागा मिळाली, पुस्तक उघडलं, नेर येईपर्यंत एकही ओळ वाचली नाही.

वर्षश्राद्धाला गुरुजी आले, पिंडदान झालं. स्वयंपाक आईनं केला, शब्दकोशातल्या पैशांत. दुपारी दादाची बायको एकटीच बसनं आली, हातात पितळी डबा घेऊन. "जेवण नाही म्हणून सांगतलं तुमी गावाले," ती म्हणाली, "मंग म्या माहा डबा आणला." डब्यात पुरणपोळ्या होत्या. आम्ही तिघं जेवलो. दादा आला नाही. आजवर बोलत नाही. कापसाच्या दिवसांत बाजारात दिसतो, मी हात जोडतो, तो गाडीकडे बघतो. मला याचं वाईट वाटतं. केलं त्याचं वाटत नाही.

पुढच्या पगाराला उरलेले दोन्ही हप्ते एकदम भरले. खिडकीमागच्या साहेबांनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली. एवढ्या महिन्यांत ती खुर्ची मी पहिल्यांदा पाहत होतो. म्हणाले, "सर, तुमच्यासारखे ग्राहक कमी. मुदतीआधी फेडलंत. याच्या दुप्पट रक्कम मी आजच्या आज मंजूर करतो."

"कशासाठी?"

"कशासाठीही. घरगुती."

"मला कर्ज फिटल्याचा दाखला द्या," मी म्हणालो. त्यांनी उद्या या म्हणून सांगितलं. मी म्हणालो, बसतो. शाळेची दुपारची सुट्टी संपली तरी बसलो आणि शिक्का मारलेला दाखला घेऊनच उठलो.

वाटलं होतं, त्या दिवशी हलकं वाटेल. तसं झालं नाही. ती नाही हे होतं तसंच आहे. फक्त एवढं झालं की आता हे दुःख निव्वळ तिचं आहे. त्यात मांडववाल्याचा, आचाऱ्याचा आणि पतसंस्थेचा वाटा उरला नाही.

घरी आलो. आई विचारात होती. मी दाखला दाखवला, तिनं हातात घेतला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत दिला.

"बापू, एक विचारतो. माह्या तेरवीले किती लोकं सांगशीन?"

"कोणालेच नाही, आई."

"अन् मले गाव जेवू घालावं वाटत असन तं?"

"तरी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. बघण्यात राग होता, थोडं हसूही होतं. या बाबतीत ती दादाची आई आहे आणि माझीही आहे.

"मंग मी मरतच नाही जाय," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला बसली.

"चालेल," मी म्हणालो.