अबोल्यावरची पीएचडी

मानसशास्त्रात पीएचडी करायची म्हटली की विद्यापीठ तुमच्यापुढे पर्यायांचं ताट मांडतं. पूर्णवेळ की अर्धवेळ, समुपदेशन की सामाजिक की औद्योगिक. वाचूनच माणूस हरखतो. मग कळतं की खरा प्रश्न एकच, मार्गदर्शकाकडे जागा रिकामी आहे का. मी प्रवेश परीक्षा पास झाले होते आणि शहापूरच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होते, म्हणजे अर्धवेळ ठरलेलंच. विषयही ठरला होता. भावाभावांतला अबोला.

तो शोधायला मला कुठे जावं लागलं नाही. मुरबाडच्या पुढे, वैशाखऱ्याजवळच्या आमच्या गावात माझे बाबा आणि काका रोज एकाच पडवीत बसतात, आणि मी शाळेत होते तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. खाचराचा बांध हातभर सरकला होता. तो समोरच्यानेच सरकवला, याबद्दल दोघांनाही खात्री आहे. "सांग तुज्या काकाला, बैल सुटलाय," असं बाबा मला सांगणार, आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले काका म्हणणार, "सांग तुज्या बापाला, दिसतंय मला." अशी घरं आमच्याकडे पुष्कळ. पण अभ्यास व्हायचा तो पोरांच्या परीक्षेच्या ताणाचा, कारण त्याच्या प्रश्नावल्या तयार मिळतात.

दोन मार्गदर्शकांनी अबोला म्हटल्यावर चहा पाजून मला वाटेला लावलं. तिसरे सर कल्याणला राहत. त्यांच्याकडे एकच जागा उरली होती, ती गेली की माझं वर्ष गेलं. मी हे घरी बोलले आणि घात झाला. आमच्याकडे मागणं घालायला घरातल्या थोरल्या-धाकट्याने जोडीने जायचं असतं, आणि तेही रिकाम्या हाताने नाही.

"बाबा, विद्यापीठात असं नसतं," मी म्हटलं.

"मागायला जायचं ना गो? मग?" बाबा म्हणाले. "सांग तुज्या काकाला, सकालची एसटी हाय."

सरांच्या सोफ्यावर दोघे बसले, मध्ये नव्या तांदळाची पिशवी. बाबांनी हात जोडले. "आमच्या पोरीला पदरात घ्या." सरांना ठसका लागला. मला जमीन दुभंगली असती तर बरं वाटलं असतं.

"अबोला मोजणार कसा?" सरांनी सावरून मला विचारलं. मी पाठ केलेलं उत्तर सुरू केलं, तेवढ्यात काका म्हणाले, "सांग तुज्या बापाला, बिस्किटांची बशी इकडं सरकव."

मी सवयीने सांगितलं.

"सांग त्याला, गोड खायचं नाय त्यानं. डॉक्टरनं बजावलंय."

"सांग तुज्या बापाला, डॉक्टर मला बोलला. ह्याला कसं कललं?"

बाबांनी बशी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली.

सरांनी चष्मा काढला. "हे किती वर्षं चाललंय?" त्यांनी विचारलं. दोघांनी एकदम माझ्याकडे बघितलं.

जागा मला मिळाली. "पहिली केस यांचीच घ्या," सर म्हणाले, "आणि अशी आणखी घरं शोधा."

कल्याणच्या स्टँडवर मुरबाडची गाडी लागायची होती. मी मनातल्या मनात डॉक्टर होऊन बसले होते. बाबा बाकावर, काका खांबाला टेकून. मग काकांनी घसा साफ केला.

"दादा, ही आता आपल्यावर लिवनार."

मी चपापले. 'सांग' म्हणायचं राहिलं, असंच मला वाटलं.

बाबा म्हणाले, "लिवू दे."

"लिवल्यावर ते कायमचं राहतं. आपुन मेलो तरी पुस्तकात भांडलेलंच राहनार."

बाबा बाकावर जरा सरकले आणि मोकळ्या जागेवर हात आपटला. "बस हितं. पाय दुखत असतील."

काका बसले. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. माझी पहिली केस हातची गेली, आणि मी भर स्टँडवर भोकाड पसरलं.