एकानं कापायचं, दुसऱ्यानं उचलायचं

भोजराजच्या घरात कायदा एकच होता. खायची वस्तू आली की एका भावाने कापायची आणि दुसऱ्याने आधी उचलायची. कापणाऱ्याने वाकडं कापलं तर लहान तुकडा त्याच्याच नशिबी. उचलून झालं की तक्रार बंद. बायको चमेली तापात गेली, आणि पुढच्याच महिन्यात पोरांनी एका उकडलेल्या अंड्यावरून एकमेकांचे केस उपटले. त्या दिवशी भोजराजने हा कायदा काढला, आणि तेव्हापासून सालेकश्याच्या जंगलातल्या आपल्या टोल्यावर, त्या चार घरांच्या वस्तीत, जो भेटेल त्याला तो ऐकवत सुटला.

अंडं चाकूने कापलं की पिवळं चुरतं, म्हणून चुलीमागच्या खिळ्याला एका जुन्या करदोड्याचा तुकडा टांगलेला असे. थोरला दुर्गेश चौथीत. तो जीभ बाहेर काढून अंड्याला दोरा गुंडाळी आणि हळूच खेची. धाकटा गुड्डू नुकता शाळेत जाऊ लागलेला. तो दोन्ही अर्धुकं नाकाशी नेऊन अशी पारखायचा, जणू बाजारात बैल घ्यायला आलाय. दुसऱ्या दिवशी कापायची पाळी गुड्डूची. भोजराजच्या वाट्याचा कायद्यात कुठे उल्लेखच नव्हता. तो पेजेत मीठ टाकून प्यायचा आणि जज्जसाहेबासारखा मिशीवरून हात फिरवायचा.

शेजारच्या सुशिलाबाईला हे काही पटत नव्हतं.

"भोजू, बाप्यामाणसानं का पोरं पोसता येतेत? दुसरी बायको आण, नाहीतर एक पोट्टं देऊन टाक कोणाले."

"पोट्टे का कोंबडीचे पिल्लं होत, काकू? माह्याशिवाय झोपत नाहीत ते."

एवढं मात्र खरं होतं. गुड्डू बापाच्या पोटावर पाय टाकल्याशिवाय डोळा मिटत नसे, आणि दुर्गेश सकाळी न सांगता चूल पेटवायचा. भोजराजच्या हिशेबी ही दोन्ही पोरं त्याला खिळ्यासारखी ठोकलेली होती.

मोहाचे दिवस आले. तिघांनी आपल्या झाडाखालचा पाला जाळला, म्हणजे काळ्या जमिनीवर पिवळी फुलं नीट दिसतात. पहाटे गळलेली फुलं वेचत असताना शालीकराम मोटरसायकलवर आला. शालीकराम म्हणजे चमेलीचा भाऊ. फुलचूरला त्याचं किराणा दुकान, वर पक्कं घर, बायको मंजू, आणि घरात मूल नाही. पोरं "मामाजी!" म्हणून धावली. त्याने खिशातून क्रीमच्या बिस्किटांचे दोन पुडे काढले आणि एकेक दिला. कापायचं काहीच उरलं नाही. दोघंही आपापला पुडा घेऊन जरा भांबावल्यासारखी उभी राहिली.

"भाऊजी, एक गोष्ट बोलाची होती," शालीकराम म्हणाला. "एक पोरगं आमच्याजवळ राहू द्या. मंजू रोज म्हणून राहिली. घरासमोर शाळा आहे, कूलर आहे. तुमची बी भागदौड कमी होईल."

"कोणतं पाहिजे?"

"कोणतंही चालते. जे हसत येईल ते."

भोजराजला हसूच आलं. हसत येईल! सरळ नाही म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपत होती. पण माणसाला आपली किंमत दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची हौस असते. त्याने शालीकरामला डोळा मारला आणि हाक दिली, "अबे पोट्टेहो, इकडं या! एकानं मामाजीच्या घरी राहाचं, एकानं माह्याजवळ. सांगा, कोण जाते?"

आणि तो पाय रोवून उभा राहिला. आता दोन्ही पायांना एकेक पोरगं बिलगणार होतं ना.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काल म्या कापलं," दुर्गेश म्हणाला. "आज गुड्डूची पाळी."

गुड्डू लगेच खाली बसला. राखेत काडीने रेघ ओढली आणि टोपलीतली फुलं मांडू लागला. "हे मामाजीचं घर. हे कूलर. हे मामी. हे टीव्ही." चार फुलं झाली. मग रेघेच्या अलीकडे, "हे बाबा. हे आपला कुत्रा. हे मोहाचं झाड." तीनच झाली. गुड्डूने डोकं खाजवलं. "बाबाचं अजून एक," म्हणत फूल ठेवलं. थोडा वेळ पाहिलं. मग बाबाचं आणखी एक ठेवलं.

भोजराजचा ऊर भरून आला. लेकराने बापाला तीन फुलं मोजली होती.

"उचल दादा."

दुर्गेश उकिडवा बसला. दोन्ही बाजू त्याने नीट पाहिल्या, एकदाही वर न बघता. मग पलीकडच्या चार फुलांवर हात ठेवला.

"हे."

"काऊन रे?" भोजराजने वाकून विचारलं.

"उचलल्यावर विचाराचं नाही, बाबा. तूच म्हणते ना."

तेवढ्यात गुड्डूने भोकाड पसरलं. "दादानं चीटिंग केली! म्या बाबाकडं जास्त ठेवले होते! मंग तू तिकडलं काऊन उचललं? तिकडं मले जाचं होतं!"

शालीकराम उगाच मोटरसायकलचा आरसा पुसू लागला. मस्करी होती रे, एवढं म्हणायला भोजराजचं तोंड उघडलंही. पण दुर्गेश टोपली ठेवून घराकडे निघाला होता, कपडे आणायला. चालत नव्हता, पळत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चूल भोजराजनेच पेटवली. अंडं उकडलं आणि आख्खं गुड्डूच्या ताटलीत ठेवलं. "खाय. आता पुरं तुहं."

गुड्डूने अंड्याकडे पाहिलं, उठून खिळ्यावरचा दोरा काढला आणि अंडं कापलं. एक तुकडा चांगलाच मोठा झाला. ताटली त्याने बापापुढे सरकवली.

"उचल."

भोजराजने लहान तुकडा उचलला. मोठा तुकडा गुड्डूने एका घासात तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडाने विचारलं, "मामाजी परत कधी येतीन?"