जिंतूरला लांब हाताचं यंत्र बघताना

चुडाव्याला गाडी थांबली, मी बॅग फलाटावर टाकून उतरले आणि समोर बघते तर माझा धाकटा भाऊ मिलिंद काठी टेकत येत होता. चार महिन्यांपूर्वी फोनवर तो म्हणाला होता, "आक्का, पाय जरा मुरगळलाय." मुरगळलेल्या पायाला चार महिने काठी लागत नाही, एवढं मलाही कळतं. मी जागच्या जागी उभी राहिले.

"शेडवरून पडलो. खुबा मोडला होता," तो म्हणाला. बस चुकली असं सांगावं, तसं. "तुला सांगितलं असतं तर धावत आली असतीस."

"मग बहिणीनं धावत येऊ नये तर काय करावं?" मी फलाटावरच ओरडले. चहावाला वळून बघायला लागला.

खरं तर मला बोलावलं होतं यंत्रासाठी. पुण्यात एका कारखान्याचं गोदाम मी बावीस वर्षं सांभाळलं, फोर्कलिफ्टशी रोजची गाठ. त्यामुळे मिलिंद आणि शेजारचे चार शेतकरी मिळून टेलिहँडलर घ्यायचं ठरवू लागले, तेव्हा त्याला घरातली ही तज्ज्ञ आठवली. टेलिहँडलर म्हणजे ट्रॅक्टरसारख्या चाकांवरचं यंत्र. त्याला पुढे एक लोखंडी हात असतो, हवा तेवढा लांब करता येतो. टोकाला सुळ्यांसारखे दोन फाटे लावले की पोती उचलतो, बादली लावली की शेणखत भरतो. मिलिंदच्या गावी, ताडकळसला, त्याला सरळ 'हातवालं मशीन' म्हणतात. मी निघाले होते ती मोठ्या थाटात. तो थाट चुडाव्यालाच निम्मा उतरला.

शेजाऱ्याच्या रिक्षातून ताडकळसला पोचलो. सोयाबीन निघालेलं होतं, कापूस फुटला होता, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या जमिनीवर पांढरं पांढरं दिसत होतं. मला मात्र मिलिंदची काठीच दिसत होती. दारात सुजाता, त्याची बायको, हसून म्हणाली, "जयभीम, आक्का. हातपाय धुवा, येसर गरम हाय." येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची पातळ आमटी) आणि ज्वारीची भाकरी. दोन भाकरी खाऊन माझा राग जरा निवला.

जेवणानंतर मिलिंदनं टीव्ही लावला, तोही एवढ्या मोठ्यानं की भिंती हादराव्यात. मी आवाज कमी करायला सांगितलं, त्यानं ऐकलं नाही. मागून ठक ठक ऐकू येत होतं. मी मागच्या अंगणात गेले आणि वर बघितलं. शेडच्या पत्र्यावर, पार उंच कडेला, सुजाता पदर खोचून बसली होती. एका हातात हातोडी, तोंडात खिळे.

"सुजाता! खाली उतर!"

तिनं खिळे तोंडातून काढले. "अवो, वाऱ्यानं पत्रा उचकटलाय. गुळी (सोयाबीनचा भुसा) भिजली तर जनावरांनी काय खायचं? ते पडल्यापासून मीच चढायलेय."

शिडी एकच, तिची एक पायरी दोरीनं बांधलेली. सुजाता उतरेपर्यंत मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. आत टीव्ही चालूच होता. भावाचा असा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

रात्रीच्या जेवणाला त्यानं बेत सांगितला. शेडची उंच कड त्यानं बांबूनं मोजली होती, अठरा फूट. म्हणून हात चांगला लांब असलेलं मोठं यंत्र हवं. "म्हंजे सुजाताला वर न्हेता येईल."

"कशात बसवून?"

"फाट्यावर पाट टाकायचा, त्याच्यावर उभं ऱ्हायचं. समदे तसंच करायलेत."

मी वाद न घालता ताट उचलून मोरीत नेलं. मला ओळखणाऱ्यांना ही बातमी खरी वाटणार नाही.

सकाळी आम्ही तिघं एसटीनं निघालो, परभणीला गाडी बदलून जिंतूर. सुजातानं फडक्यात धपाटे बांधून घेतले होते. जिंतूरच्या अलीकडे जमीन खालीवर व्हायला लागते, लांब डोंगर दिसतात. एरवी मी खिडकी सोडली नसती. आज सारखं मागे वळून सुजाताच्या हातांकडे बघत होते. तळव्यांवर पत्र्याचे चरे होते.

गावाबाहेर जुन्या यंत्रांचं एक आवार. तिथे दोन टेलिहँडलर उभे होते, एक मोठा, एक बुटका. मालक मोठ्याची तारीफ करत होते. "अडीच टन उचलतं, बाई. आँख मिटून घ्या."

आता इथे मला माझी चूक सांगायची आहे. अडीच टन ऐकून मी मान डोलावली. गोदामात तेवढंच विचारायची सवय. मीच म्हणाले, "फाट्यावर पोती चढवा. आणखी चार टाका. आता हात पूर्ण लांब करून दाखवा."

आवारात यंत्र चालवणारे रहीममामा, पांढऱ्या दाढीचे, काहीतरी म्हणाले. इंजिनच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही आणि मालकांनी हातानं "चलने दो" केलं. हात पुढे सरकू लागला. सरकत सरकत गेला आणि यंत्राची मागची चाकं जमिनीवरून उचलली गेली. वीतभर. मग हातभर.

मी किंचाळले. पण खरा धक्का पुढेच होता. आवारातले पाच-सहा जण धावत आले आणि यंत्राच्या मागच्या भागावर पटापट चढून बसले, वजन द्यायला! ट्रॅक्टरचं तोंड उचललं की गडी पुढे जाऊन बसतात, अगदी तसं, हसत हसत. त्यांच्यात एक पाय वर टाकायची धडपड करणारा माझा भाऊ होता. काठी खाली पडलेली.

"मिलिंद! दुसरा खुबा पण मोडायचाय का?"

सुजातानं त्याचा सदरा मागून धरला आणि ओढून खाली बसवलं. रहीममामांनी हात आखडून घेतला, चाकं धपकन टेकली. लोक उतरले, तंबाखू मळायला लागले. झालं ते त्यांच्या लेखी काहीच नव्हतं. मी मिलिंदची काठी उचलून त्याच्या हातात दिली.

रहीममामा खाली उतरून माझ्याजवळ आले. "आक्का, हंडा काखेत धरला तर कोसभर न्हेता. तोच हंडा हात लांब करून धरा बरं. यंत्राचं बी तेच हाय. अडीच टन हात आखडलेला असतानाचे."

"पण असं झालं तर इशारा नको का द्यायला?"

"भोंगा होता की. लय कटकट करायचा, म्हून वायर काढून टाकली." त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक आभाळाकडे बघत होते.

या फाट्यांवर पाट टाकून सुजाता उभी राहणार होती. हे माझ्या मनात आलं. मिलिंदच्याही मनात तेच आलं असावं. तो बायकोकडे बघत होता, तोंडाचा रंग उडालेला.

मग रहीममामांनीच विचारलं, काम काय, रस्ता कसला. अठरा फूट ऐकून ते हसले. "पाय चौदा फुटावर असले की अठरा फूट छातीम्होरं येतंय. एवढा लांब हात कामून पायजे?" शेताच्या वाटेवर नळ्या टाकलेला अरुंद पूल आहे, हेही निघालं. मोठं यंत्र तिथे वळलंच नसतं.

बुटक्याची मागची चाकंही वळत होती, छोट्या अंगणाएवढ्या जागेत ते गरकन फिरलं. पोती चढवून मामांनी हात लांब करायला घेतला, तसा भोंगा कर्कश ओरडला आणि हात आपोआप थांबला. इतका गोड आवाज मी बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता.

"याला माणूस उचलायचा पिंजरा आहे का?" मी विचारलं.

होता. यंत्र बनवणाऱ्यांनीच दिलेला, कठडा आणि पट्ट्यासकट. आवाराच्या कोपऱ्यात त्यात कोंबड्या ठेवल्या होत्या. मालकांना हाकलायला लावल्या, पिंजरा धुऊन घेतला, मामांनी तो फाट्यांच्या जागी बसवून प्रत्येक खीळ दोनदा तपासली. सुजातानं पट्टा बांधला आणि ती वर गेली. चौदा फुटांवर ती कठडा धरून उभी राहिली. मग हळूच एक हात सोडला.

"काय दिसतंय?" मी ओरडून विचारलं.

ती लांबच्या डोंगरांकडे बघत राहिली. खाली आली तेव्हा रडत होती. म्हणाली, "आक्का, मला वाटायचं वर जायला लय हिंमत लागती. हिंमत कायची, धरायला कायतरी पायजे होतं."

मिलिंद तोवर मान वर करून एकटक बघत उभा होता. मला म्हणाला, "ती पत्र्यावर ठोकायलीय तवा मला बघवत न्हाई. आवाज बी ऐकवत न्हाई. म्हून टीव्ही लावतो." आदल्या दिवसाचा माझा सगळा संताप मला गिळावा लागला.

बुटकं यंत्र ठरलं. गावात कुणी शिकेपर्यंत ते चालवायला रहीममामाच येणार होते. चुडाव्याला गाडीत बसताना सुजातानं उरलेले धपाटे माझ्या पिशवीत कोंबले. वाटभर विचार करत होते. तज्ज्ञ म्हणून गेले आणि माणूस मारायची वेळ आणली. आणि फोनवर "सगळं ठीक आहे" ऐकून मीही चार महिने निवांत झोपले होते. प्रवासाला निघायला यंत्राचं निमित्त लागलं, याची लाज वाटते.

पंधरा दिवसांनी मिलिंदला फोन लावला. मागून पत्र्यावर ठोकल्याचा आवाज येत होता. टीव्ही बंद होता.

"काय करतोस?"

"सुजाता वर हाय, पिंजऱ्यात. रहीममामा चालवायलेत," तो म्हणाला. "मी बघायलोय."