दारात गाडी, दावणीला गाई

पुण्याहून निघताना मला हौस होती ती इंदापूरकडची शेते बघायची. शेजारचे बबनराव मूळचे तिकडचेच. म्हणाले, "लेकीसाठी मुलाचं घर बघायला चाललोय. तुमची गाडी घेऊन चला की, तेवढीच सोबत." मी भोळा, निघालो.

मोरगावात बाजरीची रानं आणि शेळ्या. बारामती ओलांडली आणि दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. कळंबला मुलाच्या अंगणात उतरताच बबनराव गाडीवर थाप मारून म्हणाले, "आमचीच हाय. नवीनच घेतली." मला त्यांनी डोळ्यांनीच दटावले. झाले! पाहुण्यांना आत गाद्या, मला बाहेर ओट्यावर चहा. मी ड्रायव्हर ठरलो. तळपायाची आग मस्तकात गेली, पण सोयरिकीत मोडता नको म्हणून गिळली.

मग तर बाजारच भरला. बबनरावांनी ट्रॅक्टर बघितला, बोअर बघितली, फ्रिजसुद्धा उघडून बघितला. दावणीच्या (गुरे बांधायच्या जागेच्या) चार जर्सी गाईंवरून हात फिरवला. मुलगा महेश समोर उभा. त्याला कुणी बस म्हणेना. मुलगी द्यायची कुणाला, मुलाला की फ्रिजला?

माझे ताट महेशनेच आणले. पिठले, बाजरीची भाकरी, ठेचा. शेजारी बसून जेवला. डाळिंबावर तेल्या (एक रोग) पडल्यावर बाग उपटून पुन्हा कशी लावली, ते सांगितले. मग मान खाली घालून म्हणाला, "दादा, गाया आमच्या न्हाईत. समोरच्या तात्यांच्या हायत. आमच्या वडलांनी हट्टानं आणून बांधल्या. मला ही लबाडी बघवत न्हाय."

ऊन कलले, धारेची वेळ झाली. पाण्यावर न्यायला गाई सोडल्या, तर चारही रस्ता ओलांडून सरळ तात्यांच्या गोठ्यात!

बबनराव कडाडले, "फसवता व्हय आमाला? असल्या खोट्या घरात लेक द्यायची न्हाय!"

महेशच्या वडिलांनी डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. आता मात्र मला राहवेना. "बबनराव, आणि ही गाडी कुणाची? तेही सांगा की!"

परतीच्या वाटेवर बबनराव तोंड फिरवून बसले. चाकं आणि शिंगं मोजून माणसाची पत ठरवणाऱ्या या रीतीची मला चीड आली होती. मोरगाव मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारले, "पोरगा कसा हाय वो?"

अख्खे घर बघून आलेला माणूस जावयाची चौकशी ड्रायव्हरकडे करत होता.