कड्यावरचा ठिपका

ऐंशी सालच्या आसपास मी नाशिकला जमीन मोजणीच्या कचेरीत होतो. स्वभावाने तापट, आणि देवापेक्षा आकड्यांवर विश्वास जास्त. नामपूरकडच्या एका गावात पुराने हद्दीचे दगड वाहून गेले आणि एका म्हातारीच्या विहिरीवर शेजाऱ्याने हक्क सांगितला. ती विहीर तिने आणि तिच्या धाकट्या जावेने मिळून खणली होती. जाऊ वारून जमाना झाला होता.

शेतातले दगड गेले तरी डोंगरांवरचे सर्वेचे दगड असतात. एकावरून दुसरा दिसेल असे त्रिकोण जोडत त्यांचं जाळं देशभर नेलेलं आहे. प्रत्येकाची जागा नकाशावर पक्की. मी विहिरीजवळ मोजणीचं टेबल मांडलं, दुर्बिणीतून तीन डोंगरांवरचे तीन दगड धरले आणि कागदावर तीन रेषा ओढल्या. त्या एका ठिपक्यात मिळायला हव्यात; तो ठिपका म्हणजे विहिरीची नकाशावरची जागा. मध्ये बारीकसा त्रिकोण उरला. तीन दिवस तोच, तेवढाच, आणि विहीर म्हातारीच्या हद्दीबाहेर. मला माझ्याच डोळ्यांची भीती वाटू लागली.

चौथ्या दिवशी भर दुपारी दगडच तपासायला त्यांतला जवळचा डोंगर चढलो. दगड शेंदराने माखलेला. मागोमाग म्हातारी आली.

"देव आम्हीच मांगे बसाडा," ती म्हणाली. "तठे प्रदक्षिणा घालता घालता मनी देरानी पडनी."

दगड पूर्वी कड्याच्या टोकावर होता. धाकटी जाऊ तिथून पडली, तेव्हा बायकांनी तो दहा पावलं मागे ओढला. सरकारला कोण सांगणार?

मी टोकाशी माती खरवडली. खडकात कोरलेलं वर्तुळ निघालं, मधोमध ठिपका, सर्वेची मूळ खूण. वारा नव्हता, तरी कड्याखाली खडे घसरत होते.

आता त्या ठिपक्यावर कुणीतरी निशाण धरून उभं राहायला हवं होतं. माझा शिपाई म्हणाला, "साहेब, नोकरी गेली तरी चालंल, मी नाय." म्हातारीने निशाणाचा बांबू उचलला.

खाली येऊन मी दुर्बिणीला डोळा लावला. तिच्या एका हातात निशाण होतं. दुसरा हात तिने बाजूला लांब धरला होता, मूठ मिटून, आणि ती त्या बाजूला वळून बोलत होती. मी रेषा ओढली. तिन्ही एका ठिपक्यात मिळाल्या.

ती उतरून आली. "हीर मनी शे का?"

"तुमचीच आहे, आजी."

"तिनी बी शे," ती कड्याकडे बघत म्हणाली. मी पंचनाम्यात एकट्या म्हातारीचंच नाव लिहिलं.